पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव येत नाही: एका स्क्रीनवरची माहिती दुसऱ्या स्क्रीनवर का हरवते

"अगं, तुझ्या अ‍ॅपनं परत नाव खाल्लं." गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आत्याचा हा फोन मला रोज यायचा. आत्या बडोद्याला दांडिया बाजारात राहते, घरून डबे देते आणि भाद्रपदात उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. तिच्यासाठी मी अँड्रॉइडवर एक छोटं अ‍ॅप केलं होतं. स्क्रीन तीनच: गिऱ्हाइकांची यादी, ऑर्डर आणि पावती. यादीतल्या नावावर टॅप करायचं, ऑर्डर भरायची, पावती काढून पाठवून द्यायची. एरवी सगळं नीट चालायचं. पण दिवसातून दोन-तीनदा पावती उघडली की नावाची जागा रिकामी, मोदकांचा आकडा शून्य आणि बेरीजही शून्य.

माझ्या फोनवर हे एकदाही झालं नाही. यादी, ऑर्डर, पावती, मागे, पुन्हा पावती असं कितीतरी वेळा करून पाहिलं. मग मी तेच केलं जे आपल्यापैकी बरेच जण घाईत करतात: पावतीच्या स्क्रीनवर नाव नल, म्हणजे रिकामं, आहे का ते तपासलं आणि नल असेल तर स्क्रीन बंद करून टाकला. तक्रार गेली नाही, फक्त बदलली. "आता नाव खात नाही, पावतीच मिटते."

शेवटी एका दुपारी तिच्या ओट्याशी जाऊन बसले आणि ती काम करताना नुसतं बघत राहिले. हाताला उकड लागलेली, फोन डब्याला टेकवून उभा केलेला. कारेलीबागेतल्या एका घराची २१ मोदकांची ऑर्डर तिनं भरली, पावती उघडली, तेवढ्यात दुसरा फोन आला. गुजराती गिऱ्हाईक, त्यांना वेढमी हवी होती, म्हणजे आपली पुरणपोळी. त्या बाईंनी आकार केवढा ते बघायला फोटो मागितला. आत्यानं हात पुसले, कॅमेरा उघडला, दोन फोटो काढले, पाठवले, त्यांच्याशी बोलली आणि मग माझ्या अ‍ॅपवर परत आली. क्षणभर पडदा पांढरा झाला आणि पावतीचा स्क्रीन समोर आला. कोरा.

तो पांढरा क्षण म्हणजेच सगळं उत्तर होतं. अ‍ॅप मागे जाऊन परत येत होतं असं आत्याला वाटत होतं, मलाही वाटत होतं. प्रत्यक्षात ते मरून पुन्हा जन्माला येत होतं.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण "स्क्रीन बदलला की डेटा जातो" अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की ते मागे गेलेल्या अ‍ॅपची प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेलं त्याचं काम, संपवतं. आत्याच्या फोनची मेमरी माझ्या फोनच्या निम्मीही नाही, आणि कॅमेरा उघडला की तो भरपूर मेमरी मागतो. तेव्हा माझं अ‍ॅप बळी जात होतं. इथपर्यंत सरळ आहे. फसगत पुढे होते. वापरणारा परत येतो तेव्हा अ‍ॅप पहिल्या स्क्रीनपासून सुरू होत नाही. कोणकोणते स्क्रीन एकावर एक उघडे होते याची नोंद सिस्टीमनं स्वतःकडे ठेवलेली असते, त्यामुळे ती शेवटचा स्क्रीन थेट उभा करते. त्याला त्याचा मूळ इंटेंट, म्हणजे तो स्क्रीन उघडताना दिलेला निरोप, मिळतो आणि जाताना जतन केलेलं बंडल, म्हणजे माहितीचं छोटं गाठोडं, मिळतं. बाकी सगळं नव्या प्रोसेसमध्ये कोरं असतं.

मी काय केलं होतं? कॉटलिनमध्ये "चालू ऑर्डर" नावाचं एक सिंगलटन ऑब्जेक्ट, म्हणजे सगळ्या स्क्रीनसाठी मेमरीत एकच असलेलं भांडं, केलं होतं. यादीचा स्क्रीन त्यात गिऱ्हाईक ठेवायचा, ऑर्डरचा स्क्रीन मोदकांचा आकडा ठेवायचा आणि पावती ते वाचायची. प्रोसेस नव्यानं सुरू झाल्यावर हे ऑब्जेक्टही नव्यानं तयार झालं, रिकामं. यादीचा स्क्रीन, ज्यानं ते भरायचं, तो या खेपेला उघडलाच नाही. पावती रिकाम्या भांड्यात हात घालत होती.

दुरुस्तीआधी हा बिघाड हुकमी घडवून आणायला शिका. तो तुमच्या फोनवर दिसत नाही तोवर केलेली प्रत्येक दुरुस्ती हा अंदाज आहे. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे "डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज" नावाचं बटण आहे. पुष्कळ जण ते चालू करतात, बिघाड दिसत नाही आणि आपला कोड बरोबर आहे असं समजतात. माझंही तसंच झालं. कारण ते बटण फक्त अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे एकेक स्क्रीन) नष्ट करतं, प्रोसेस जिवंतच राहते. अ‍ॅक्टिव्हिटीबरोबर तिचं व्ह्यूमॉडेल, म्हणजे त्या स्क्रीनची माहिती सांभाळणारं ऑब्जेक्ट, जातं, पण सिंगलटन तसंच भरलेलं असतं. सिंगलटनची चूक या चाचणीत लपते.

खरी चाचणी अशी: अ‍ॅप उघडून तिसऱ्या स्क्रीनपर्यंत जा, होमचं बटण दाबा, मग कॉम्प्युटरवरून "एडीबी शेल एएम किल" (adb shell am kill) आणि पुढे तुमच्या पॅकेजचं नाव अशी आज्ञा द्या. ही आज्ञा मागे गेलेली प्रोसेसच मारते, म्हणून होम आधी दाबणं जरुरीचं आहे. आता अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून परत या. मी हे केलं आणि पहिल्याच खेपेला कोरी पावती समोर आली. अलीकडच्या यादीतून अ‍ॅप वर सरकवून काढून टाकणं किंवा सेटिंग्जमधून फोर्स स्टॉप करणं ही ती चाचणी नव्हे. तिथे सिस्टीम असं धरते की वापरणाऱ्यानंच काम संपवलं, आणि अ‍ॅप पहिल्या स्क्रीनपासून सुरू होतं. अर्धवट जिवंत होण्याची अवस्था तिथे येतच नाही.

कारण कळल्यावरही पहिला इलाज चुकला. मला वाटलं, इंटेंट टिकतो ना, मग अख्खी ऑर्डरच इंटेंटमध्ये घालू. गिऱ्हाईक, पत्ता, पदार्थ, आणि डब्याचा फोटोसुद्धा. पार्सलेबल केलं, म्हणजे इंटेंटमधून नेता येईल अशा रूपात आणलं, घातलं, आणि अ‍ॅप दाणकन बंद पडायला लागलं. लॉगमध्ये "ट्रान्झॅक्शन टू लार्ज एक्सेप्शन". अ‍ॅक्टिव्हिटीकडून अ‍ॅक्टिव्हिटीकडे जाणारी माहिती बाइंडरमधून, म्हणजे प्रोसेसांमधल्या निरोपांच्या अँड्रॉइडच्या वाटेनं, जाते आणि बाइंडरचा बफर १ एमबीचा असतो. तोही एका इंटेंटसाठी नाही, तर त्या प्रोसेसच्या त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या देवाणघेवाणीसाठी मिळून. आता हिशोब करा: १२०० गुणिले १६०० पिक्सेलचा फोटो बिटमॅप म्हणून मेमरीत आला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ७६,८०,००० बाइट. दाराच्या सातपट रुंद कपाट दारातून न्यायचा प्रयत्न होता तो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. हाच बिघाड पुष्कळदा पुढच्या स्क्रीनवर जाताना होत नाही, अ‍ॅप मागे टाकताना होतो, कारण स्क्रीनची जतन केलेली अवस्थाही त्याच वाटेनं सिस्टीमकडे जाते. अँड्रॉइड ७.० पासून अशा वेळी अ‍ॅप सरळ क्रॅश होतं. "होम दाबलं की अ‍ॅप बंद पडतं" अशी तक्रार आली तर आधी तुमच्या बंडलचं वजन बघा. जतन केलेली अवस्था ५० केबीच्या आत ठेवा असा अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनातला सल्ला आहे. मी तो कसोशीनं पाळते.

फोटो काढून टाकला तरी अख्खी वस्तू इंटेंटमधून पाठवण्यात दुसरा दोष राहतोच, आणि तो जास्त छळतो. पलीकडे पोचते ती प्रत असते. आत्यानं पावतीच्या स्क्रीनवर २१ चे ११ केले, मागे आली, तर ऑर्डरच्या स्क्रीनवर २१ तसेच. खरं काय ते अ‍ॅपलाच माहीत नाही, कारण आता एकाच ऑर्डरच्या दोन प्रती आहेत.

मधल्या काळात मी आणखी एक वाट धरली होती, ती सगळ्यात घातक निघाली. शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे छोट्या नोंदी ठेवायच्या फाइलमध्ये, "शेवटचं गिऱ्हाईक" अशी एक नोंद केली आणि प्रत्येक स्क्रीन ती वाचायला लागला. डिस्कवर आहे, प्रोसेस मेली तरी टिकते, म्हणून मी निर्धास्त. आत्या एक ऑर्डर अर्धवट ठेवून दुसरी उघडते हे माझ्या ध्यानात आलं नाही. दुसरी उघडली की ती नोंद बदलायची, पहिल्या ऑर्डरवर परत आलं की तिथे दुसऱ्याचं नाव. कारेलीबागेच्या घराची २१ मोदकांची पावती मांजलपूरच्या गिऱ्हाइकाला गेली. आत्याला दोन्हीकडे फोन करून माफी मागावी लागली, ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी. रिकामी जागा दिसली की माणूस थांबतो. चुकीचं नाव दिसलं तर तो थांबत नाही, पावती पाठवून मोकळा होतो. म्हणून या वाटेला मी आता जातच नाही.

जे टिकलं ते असं. ऑर्डर सुरू होते त्या क्षणी फोनमधल्या रूम नावाच्या डेटाबेसमध्ये तिची एक ओळ तयार होते, "मसुदा" अशी खूण लावून. तिला एक क्रमांक मिळतो. स्क्रीन बदलताना इंटेंटमधून फक्त हा क्रमांक जातो, एक लाँग, आठ बाइट. ऑर्डरचा स्क्रीन क्रमांक घेतो आणि डेटाबेसमधून ओळ वाचतो. पावतीही तसंच करते. नाव, पत्ता, आकडा यातलं काहीही एका स्क्रीनकडून दुसऱ्याकडे जात नाही. दोघेही एकाच ठिकाणी जाऊन वाचतात. आपण बँकेत पासबुक नेतो, तिजोरी नेत नाही, तसंच.

वाचणं एकदाच करू नका. रूमची क्वेरी फ्लो, म्हणजे बदल झाला की नवी माहिती पाठवत राहणारा प्रवाह, परत देऊ शकते. तो फ्लो व्ह्यूमॉडेलमधून स्क्रीनपर्यंत आणला की पावतीवर २१ चे ११ झाल्यावर मागचा स्क्रीन आपोआप ११ दाखवतो. "मागे आलं की जुनाच डेटा दिसतो" या तक्रारीसाठी पुष्कळ जण ऑनरिझ्यूममध्ये, म्हणजे स्क्रीन समोर येताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सगळं पुन्हा भरतात. त्याची गरज उरत नाही.

क्रमांक व्ह्यूमॉडेलमध्ये आणायला सेव्ह्ड स्टेट हँडल वापरा. अ‍ॅक्टिव्हिटीच्या इंटेंटमधल्या आणि फ्रॅगमेंटच्या (म्हणजे स्क्रीनच्या एका भागाच्या) अर्ग्युमेंट्समधल्या गोष्टी त्यात आपोआप येतात आणि प्रोसेस मेली तरी परत मिळतात. नुसत्या व्ह्यूमॉडेलवर विसंबू नका. फोन आडवा केला, भाषा बदलली, तर व्ह्यूमॉडेल टिकतं. प्रोसेस गेली तर ते जातं. दोन्ही वेळा स्क्रीन नव्यानं तयार होत असला तरी या अगदी वेगळ्या घटना आहेत, आणि "व्ह्यूमॉडेल वापरूनही डेटा जातो" म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं त्यांची गल्लत केलेली मला दिसली आहे. कंपोजमध्ये, म्हणजे स्क्रीन लिहायच्या नव्या पद्धतीत, हाच फरक रिमेंबर आणि रिमेंबर सेव्हेबल यांच्यात येतो, फक्त तिथे नुसतं रिमेंबर फोन आडवा केल्यावरही टिकत नाही.

भाषेवरून सांगते. आत्या अ‍ॅप मराठीत वापरते, डबे पोचवणारा मुलगा तोच फोन घेऊन गुजरातीत बघतो. अँड्रॉइड १३ पासून एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे तो सेटिंग्जमध्ये जाऊन बदलतो. भाषा बदलली की अ‍ॅक्टिव्हिटी नव्यानं तयार होते. तुमचं अ‍ॅप उभं-आडवं होऊ देत नसाल तर हा प्रकार तुमच्या चाचणीत कधीच येणार नाही. बडोद्यासारख्या गावात, जिथे घरात मराठी आणि बाजारात गुजराती चालते, तिथे तो येणारच.

आता कॅमेरा. ऑर्डरला फोटो जोडायची सोय ठेवली होती, आणि इथे एक बारीक खड्डा आहे जो मला दोन दिवस सापडला नाही. फोटो काढायला दुसऱ्या अ‍ॅपला सांगताना आपण आधी एक यूआरआय तयार करतो, म्हणजे फोटो कुठे ठेवायचा तो पत्ता. कॅमेरा काम संपल्यावर फक्त इतकंच कळवतो: काढला किंवा नाही. पत्ता परत देत नाही. मी तो पत्ता व्ह्यूमॉडेलच्या साध्या फील्डमध्ये ठेवला होता. कॅमेरा उघडल्यामुळे प्रोसेस मेली, परत आल्यावर "फोटो काढला" असा निरोप आला, आणि कुठे ठेवला ते विचारायला जागाच नाही. फोटो डिस्कवर पडलेला, अ‍ॅपला ठाऊक नाही. तो पत्ता सेव्ह्ड स्टेट हँडलमध्ये ठेवला आणि प्रश्न संपला. निकाल ऐकण्याची नोंदणी, म्हणजे रजिस्टर फॉर अ‍ॅक्टिव्हिटी रिझल्ट, अ‍ॅक्टिव्हिटीच्या फील्डवरच करा. बटणाच्या आत केली तर अ‍ॅप तिथेच क्रॅश होतं, आणि एखादी अट घालून केली, तर स्क्रीन पुन्हा उभा राहतो तेव्हा निरोप घ्यायला कोणी नसतं. फ्लटर वापरून अ‍ॅप करणाऱ्यांनाही याच प्रसंगाला तोंड द्यावं लागतं. तिथल्या इमेज पिकरमध्ये रिट्रीव्ह लॉस्ट डेटा नावाचं फंक्शन खास यासाठी दिलेलं आहे, ते स्क्रीन सुरू होताना बोलवा.

डेटाबेसमध्ये लिहिण्याबद्दल एक सावधगिरी. "जतन करा" दाबलं, व्ह्यूमॉडेल स्कोपमध्ये (म्हणजे व्ह्यूमॉडेल असेपर्यंतच चालेल असं) लिहिण्याचं काम सुरू केलं आणि लगेच स्क्रीन बंद केला, तर व्ह्यूमॉडेल साफ होताना ते कामही रद्द होऊ शकतं. चपळ फोनवर लिहून होतं, संथ फोनवर कधी होतं कधी नाही. लिहून झाल्याचं कळल्यावरच स्क्रीन बंद करा, किंवा ते काम अख्ख्या अ‍ॅपच्या स्कोपमध्ये करा. मी तर प्रत्येक बदलाला लगेच ओळ लिहिते. एका ऑर्डरची ओळ एवढीशी असते, फोनला ते जड जात नाही.

प्रोसेस न मरता माहिती पोचत नसेल तर कारण निराळं. फ्रॅगमेंट वापरत असाल तर आधी दोघांचं व्ह्यूमॉडेल एकच आहे का ते बघा. एका फ्रॅगमेंटमध्ये व्ह्यूमॉडेल्स (फक्त त्या फ्रॅगमेंटपुरतं) आणि दुसऱ्यात अ‍ॅक्टिव्हिटी व्ह्यूमॉडेल्स असं लिहिलं गेलं की दोन वेगळी व्ह्यूमॉडेल्स तयार होतात, एकात लिहिता आणि दुसऱ्यातून वाचता. दोन्हीकडे ऑब्जेक्टचा हॅश, म्हणजे त्याच्या ओळखीचा आकडा, लॉगमध्ये छापा, पाच मिनिटांत कळतं. व्ह्यूमॉडेल एकच असेल आणि तरी स्क्रीन बदलत नसेल, तर तुम्ही बहुधा तीच जुनी यादी आतून बदलून स्टेटफ्लोला, म्हणजे शेवटचं मूल्य धरून ठेवणाऱ्या फ्लोला, परत देत आहात. त्याला दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून तो काहीच कळवत नाही. नवी यादी करून द्या.

नोटिफिकेशनवरून उघडणाऱ्या स्क्रीनचा घोळ मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. संध्याकाळी डबा पोचवायच्या आठवणी अ‍ॅप देतं. दोन आठवणी आल्या, आणि कुठलीही उघडली तरी एकच ऑर्डर दिसायची. क्रमांक तर मी बरोबर घालत होते. पेंडिंग इंटेंट, म्हणजे नोटिफिकेशन दाबल्यावर चालायला राखून ठेवलेला इंटेंट, एकच आहे की वेगळा हे ठरवताना अँड्रॉइड त्यातल्या एक्स्ट्राज, म्हणजे आत घातलेली माहिती, बघत नाही. रिक्वेस्ट कोड सारखा, अ‍ॅक्शन सारखी, स्क्रीन सारखा, मग त्याच्या लेखी दोन्ही एकच. फ्लॅग अपडेट करंट नावाचा पर्याय लावला नाही तर दोन्हींना पहिल्याचा क्रमांक राहतो, आणि नुसता लावला तर दोन्हींना शेवटच्याचा. प्रत्येक ऑर्डरला वेगळा रिक्वेस्ट कोड दिल्यावर ते सुटलं. शिवाय तो स्क्रीन आधीच वर उघडा असेल आणि सिंगल टॉप असेल (म्हणजे वर असताना त्याची दुसरी प्रत उघडत नसेल), तर नवा इंटेंट ऑनन्यूइंटेंटमध्ये येतो, गेटइंटेंट जुनाच देत राहतो. सेटइंटेंट करा आणि क्रमांक व्ह्यूमॉडेललाही कळवा, कारण सेव्ह्ड स्टेट हँडलमध्ये अजून जुनाच बसलेला असतो.

क्रमांकावर सगळं आणल्यानंतर एक नवी गोष्ट पुढे आली, जिचा मी विचार केला नव्हता. मसुदे साठायला लागले. आत्या नाव उघडून बघते, ऑर्डर होत नाही, मागे येते, आणि ओळ राहून जाते. आधी मी ते रात्री आपोआप पुसून टाकत होते. आत्यानं थांबवलं. "पुसू नकोस गं. अलकापुरीच्या त्या बाई म्हणाल्या होत्या, सांगते उद्या. ते मला तिथेच दिसायला हवं." म्हणून आता यादीच्या वरच्या बाजूला "अर्धवट" असा एक कप्पा आहे. ज्या ओळीत नावाशिवाय काहीच भरलेलं नाही तेवढ्याच रात्री जातात. बाकीच्या ती सकाळी चहा घेताना एकेक बघते, फोन लावते आणि नको असेल ती स्वतः पुसते.